आम्हांस लागलेला नाद

मराठी भाषेंत ‘नाद’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. कानांवर पडणारा ध्वनि तोही नाद, आणि मनुष्यास जडलेलें वेड तेंही नादच. घंटेचा नाद म्हटला म्हणजे मन प्रसन्न होतें. पण ‘पोराला नाद लागला’ असें कोणी म्हटलें कीं घरांतील वडील माणसें सचिंत होतात. प्रस्तुत लेखांत ज्या संगीताविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों, त्याच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ आमच्या बालपणीं एकत्र आले होते. तें संगीत म्हणजे ‘रॉक’ होय. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांस तें आमच्यापेक्षां अधिक परिचयाचें आहे. परंतु तें प्रथम ऐकण्याचा योग आम्हांस जसा आला, तसा तो आतांशा फारसा कोणास येत नाहीं. म्हणून ही हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें बालपण पुण्याच्या गुरुवार पेठेंत गेलें. त्या भागांत आवाजांची वाण कधींच नव्हती. पंचहौदाजवळ पवित्र नाम देवालय आहे. त्याचा घंटामनोरा देवालयापासून निराळा उभा आहे, आणि तेथील घंटा वाजूं लागल्या म्हणजे आमच्या वाड्याच्या पत्र्यावरचीं कबुतरें एकदम उडत. लग्नसराईंत ब्रास बँडवाले लाल डगले घालून रस्त्यानें जात. भाद्रपद जवळ आला कीं ढोल-ताशांचा सराव सुरू होई. पुढें ज्यास ‘ड्रम’ म्हणून आम्हीं ओळखलें, त्याचें पहिलें शिक्षण आम्हांस ताशेवाल्यानें दिलें असें म्हटलें तरी चालेल. कारण ढोल कितीही मोठा असला तरी चाल धरतो तो ताशा, हें पेठेंतलें शेंबडें पोरही जाणत असे. डिसेंबरांत सवाई गंधर्व महोत्सव भरे. पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सन १९५३ मध्यें सुरू केला, आणि आमच्या लहानपणीं तो रात्रभर चालत असे. एका वर्षीं बाबा आम्हांस तेथें घेऊन गेले. तानपुऱ्यांचा आवाज ऐकत आम्ही त्यांच्या मांडीवर झोंपी गेलों, इतकेंच स्मरतें.

घरीं बाबांची पायपेटी होती. बाबा टपालखात्यांत नोकरीस होते, आणि दर रविवारीं आमच्या लहानशा देवळांत उपासनेच्या वेळीं पेटी वाजवीत व गायनमंडळास शिकवीत. सुराच्या बाबतींत ते कडक होते. कोणी बेसूर झाला तर ते रागावत नसत. फक्त पेटी वाजविणें थांबवीत, आणि त्या शांततेची सर्वांस भीति वाटे.

पुणें हें विद्येचें माहेरघर, असें शाळेंत आम्हांकडून घोकून घेतलें जाई. पण त्याचा अर्थ आम्हांस बसथांब्यावर कळला. जून महिना आला कीं ट्रंका आणि वळकट्या घेऊन तरुणांचे थवेच्या थवे शहरांत उतरत. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ सन १८५४ चा, फर्ग्युसन १८८५ चें, वाडिया १९३२ चें, आणि विद्यापीठ १९४९ चें. परंतु आमच्या दृष्टीनें या साऱ्या संस्था म्हणजे जूनमध्यें येणारी माणसेंच होतीं. सन १९९० च्या सुमारास या शहरांत नागालँड, मणिपूर, मिझोराम व गोवा येथील विद्यार्थी पुष्कळ असत. इराणांतले व आफ्रिकेंतलेही असत. त्यांतील कित्येकांच्या सामानांत एक काळी, मध्येंच कंबर आवळल्यासारखी दिसणारी पेटी असे. तींत काय असतें, याविषयीं आम्हां मुलांचे बरेच वाद होत.

सन १९९१ च्या पावसाळ्यांत आमच्या वाड्याच्या माडीवरची खोली तिघां विद्यार्थ्यांनीं भाड्यानें घेतली. तिघेही मिझोरामचे होते. त्यांपैकीं एक पहिल्याच रविवारीं आमच्या देवळांत येऊन शेवटच्या बांकावर बसला. त्यास मराठी येत नव्हती. परंतु ओळखीची चाल निघतांच त्यानें आपल्या भाषेंतले शब्द घालून मूळ चालीच्या खालचा एक निराळाच सूर धरला. बाबांचे हात क्षणभर पेटीवर अडखळले. उपासना संपल्यावर त्यांनीं त्यास दारांत गांठलें व घरीं चहास बोलाविलें.

आमच्या मंडळींत सर्व जण एकाच सुरांत गात, कारण आमच्या भजनांचें वळण कीर्तनाचें. चार प्रकारच्या आवाजांनीं चार निरनिराळे सूर धरून त्यांचा मेळ घालावयाचा, ही पाश्चात्त्य रीत बाबांस बहुतेक पुस्तकांतूनच ठाऊक होती. मिझोरामांत मात्र ती गांवोगांव रुजलेली आहे. इंग्लंडांत जॉन कर्वेन यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रचारांत आणलेली ‘टॉनिक सोल्फा’ नांवाची स्वरलेखनपद्धति मिशनऱ्यांबरोबर त्या डोंगरांत गेली. तींत रेघा व टिंबें यांऐवजीं सुरांचीं आद्याक्षरें लिहितात, आपल्या सारेगमप्रमाणेंच. त्या तरुणास आम्ही दादा म्हणूं लागलों. ऑक्टोबरपासून बाबांनीं त्यास गायनमंडळाच्या तालमीस बोलाविलें, व नाताळचें एक गीत चार आवाजांत बसविण्याचें ठरलें. आठ-दहा माणसांस चार गटांत वांटून दादा एकेका गटास त्याचा सूर शिकवी. चारही सूर प्रथम एकत्र मिळाले त्या सायंकाळीं एक आजीबाई, ‘अगं बाई, हें कोण गातंय?’ म्हणून मागें वळून पाहूं लागल्या. कारण खोलींत होतीं त्यांहून अधिक माणसें गात असल्याचा त्यांस भास झाला.

संकट उभें राहिलें तें नोव्हेंबरच्या अखेरीस. आमच्या पंचांपैकीं एका वयोवृद्ध गृहस्थांनीं डेक्कनवर एका भिंतीस चिकटविलेलें हस्तपत्रक पाहिलें. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत रॉक संगीताचा कार्यक्रम व्हावयाचा होता, आणि वादकांच्या छायाचित्रांत आमचे दादा गिटार घेऊन उभे होते. ते गृहस्थ त्याच सायंकाळीं घरीं आले. ‘असल्या गाण्याचा नाद फार वाईट. आपलीं पोरें त्याच्या मागें जातील. नाताळांत त्यास गायनमंडळांत उभा करूं नये,’ असें त्यांनीं बाबांस स्पष्ट सांगितलें.

त्यांच्या भीतीस अगदींच आधार नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. त्या संगीतांतील कित्येक नामांकित वादकांचें आयुष्य व्यसनांपायीं अकालीं संपलें होतें. जिमी हेंड्रिक्स हा असामान्य गिटारवादक सन १९७० मध्यें झोंपेच्या गोळ्यांच्या अतिरेकानें वारला, तेव्हां त्याचें वय अवघें २७ वर्षांचें होतें. परंतु त्याच संगीतांत दुसरें उदाहरणही होतें, आणि तें आपल्या शेजारचेंच. गोव्याचे रेमो फर्नांडिस यांनीं सन १९८६ मध्यें ‘पॅक दॅट स्मॅक’ या नांवाची ध्वनिफीत काढली, ती मादक पदार्थांविरुद्ध सांगणारी होती. ही माहिती त्या वेळीं पंचांस नव्हती व बाबांसही नव्हती. बाबा इतकेंच म्हणाले, ‘मीं तें ऐकलेलें नाहीं. प्रथम ऐकतों, मग आपणांस उत्तर देतों.’

‘ऐकण्यानेंही बाट लागतो,’ ते गृहस्थ म्हणाले. त्यावर बाबा हंसले व त्यांनीं पंचहौदाच्या चहाची आठवण दिली. ती कथा आमच्या भागांत सर्वांस तोंडपाठ असे. सन १८९० मध्यें पंचहौद मिशनांत व्याख्यानास आलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ति रानडे होते. पुढें उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होऊन मोठें ग्रामण्य झालें, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. ‘एका पेल्याच्या बाटानें त्या थोर माणसांचें कांहीं बिघडलें नाहीं, चार गाणीं ऐकून माझें काय बिघडणार?’ असें बाबांनीं विचारलें. ते गृहस्थ हंसले नाहींत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत तो कार्यक्रम झाला. आम्ही त्या वेळीं अकरा वर्षांचे होतों, व हट्ट करून बाबांबरोबर निघालों. थंडी पडूं लागली होती, म्हणून आईनें आमच्या कानांत कापसाचे बोळे घातले व वर कानटोपी बांधली. बाबांनीं उपासनेस घालावयाचा काळा कोट घातला होता. पी. एम. टी. च्या बसनें आम्ही डेक्कनवर उतरलों व तेथून पायीं त्या मैदानावर गेलों. मैदानांत हजारभर तरुण उभे होते. खुर्च्या काय त्या पुढच्या दोन रांगांत, त्याही प्राध्यापकांसाठीं. परंतु बाबांचा कोट पाहून एका स्वयंसेवकास ते कोणी प्रमुख पाहुणे वाटले, व त्यानें आम्हां दोघांस मानानें पहिल्या रांगेंत नेऊन बसविलें.

कार्यक्रम सातास सुरू व्हावयाचा, तो साडेआठास झाला. तो दीड तास आम्हांस मुळींच कंटाळवाणा वाटला नाहीं. लांकडी फळ्यांचा रंगमंच होता. त्यावर पसरलेल्या तारा मुलें चिकटपट्ट्यांनीं बसवीत होतीं. ड्रम पुढें सरकूं नयेत म्हणून त्यांखालीं एक जुनी सतरंजी घातली होती. कोणी ध्वनिक्षेपकांत ‘वन, टू, वन, टू’ म्हणत होता. मध्येंच सगळे दिवे गेले, आणि हजार कंठांतून एकच आरोळी उठली. दिवे आले तेव्हां दुसरी उठली. दादा एका कडेस मान खालीं घालून गिटारीच्या खुंट्या पिळीत होता. मोठे गवई गाण्यापूर्वीं तानपुरे जुळवितात त्या वेळची त्यांची मुद्रा आणि दादाची मुद्रा यांत आम्हांस तरी कांहीं फरक दिसला नाहीं.

मग पहिला आघात झाला. तो आधीं छातींत जाणवला व मागाहून कानांत. खुर्चीचा पत्रा थरथरत होता. आम्हीं त्यावर हात ठेवून पाहिला. शेजारचे प्राध्यापक महाशय उठून गेले. आम्हीं एका कानांतला बोळा हळूच काढला. बाबांनीं तें पाहिलें, व एक शब्दही न बोलतां तो पुन्हां घातला.

ज्या गोष्टीनें आम्हीं चकित झालों ती अशी. वादकाचा हात तारेवर अगदीं अलगद पडे. शाळेंत पाटीवर पेन्सिल चालवावी इतकाच जोर. आणि आवाज येई तो त्याच्यापासून दहा हात दूर ठेवलेल्या काळ्या खोक्यांतून, ढग गडगडल्यासारखा. याचें मर्म पुढें पदार्थविज्ञान शिकतांना उलगडलें. विजेच्या गिटारींत पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतो व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कांपली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि वेटोळ्यांत तसाच कांपता विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा नियम मायकेल फॅरडे यांनीं सन १८३१ मध्यें शोधून काढला. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १९३२ च्या सुमारास, विजेच्या गिटारी बाजारांत आल्या. तो क्षीण प्रवाह ध्वनिवर्धक शेंकडों पटींनीं वाढवितो. त्यास आपल्या शक्तीपलीकडचें काम दिलें म्हणजे लहरींचीं टोकें कापलीं जातात, आणि मूळ सुरांत अनेक उपस्वर मिसळून तो दाट व खरखरीत होतो. रॉकचा म्हणून जो आवाज सर्व जग ओळखतें तो हाच. तानपुऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सारून जवारी काढतात, तेव्हांही वादक उपस्वरांच्याच शोधांत असतो. उपाय निराळा, हेतु एकच.

दादाचा वृंद तिसरा आला. त्यांनीं परदेशीं गाजलेलीं दोन इंग्रजी गाणीं वाजविलीं, आणि सारें मैदान त्यांबरोबर गाऊं लागलें. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर दादाच्या गिटारीची तार तुटली. आम्हांस वाटलें, संपलें आतां. परंतु ड्रमवाल्यानें ठेका सोडला नाहीं; बास वाजविणारा चार सुरांवर फिरत राहिला; आणि दादा श्रोत्यांकडे पाठ करून, गुडघा टेंकून, नवी तार ओंवूं लागला. तीन-चार मिनिटें नुसता ठेका चालला होता. गणपतीची मिरवणूक एकाद्या चौकांत अडली म्हणजे ताशेवाला असाच जागच्या जागीं चाल धरून उभा राहतो, आणि वाट मोकळी होतांच ढोल पुन्हां त्यास येऊन मिळतात. दादा उठला, त्यानें एकदां कान लावून तार जुळविली, आणि गाणें जेथें सुटलें होतें तेथून पुढें निघालें. टाळ्या पडल्या, बाबांनींही वाजविल्या.

त्यानंतर त्यानें स्वतः रचलेलें एक गाणें मिझो भाषेंत म्हणण्यास आरंभ केला. त्या काळीं महाविद्यालयांतील श्रोत्यांस गाजलेलीं परकीय गाणींच हवीं असत. स्वतःचें कांहीं म्हणणारास ‘ओळखीचें वाजवा’ अशी ओरड ऐकावी लागे. येथेंही मागून हुर्यो सुरू झाली. दादा गातच राहिला. दुसऱ्या कडव्यास त्याचे दोन सोबती त्यास मिळाले. एकाचा सूर वर, एकाचा खालीं. शब्दांचा अर्थ त्या मैदानांत क्वचितच कोणास कळला असेल. मागची हुर्यो थांबली नाहीं, परंतु पुढचीं माणसें मात्र स्तब्ध झालीं. आम्हीं बाबांकडे पाहिलें, तों त्यांचें एक बोट गुडघ्यावर हलत होतें, आणि ओंठांत ते तोच खालचा सूर गुणगुणत होते.

परततांना बसथांब्यावर आम्हीं विचारलें, ‘कसें वाटलें?’ बाबा म्हणाले, ‘मला आवडलें नाहीं. आवाज फार.’ मग बस येईपर्यंत ते गप्प होते. बसमध्यें बसल्यावर आपल्याशींच बोलल्याप्रमाणें म्हणाले, ‘पोर सुरांत आहे. तार तुटली तरी डगमगलें नाहीं. आणि एक ध्यानांत आलें का? तो मोठा आवाज काढतो तेव्हां दोनच सूर धरतो. षड्ज आणि पंचम. तानपुराच कीं तो.’ गिटारवादक ज्यास ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात तो स्वरमेळ खरोखरच षड्ज-पंचमांचा असतो. खरखरीत केलेल्या आवाजांत अधिक सूर एकदम धरले तर गोंगाट होतो, पंचम मात्र स्वच्छ निघतो. बाबांनीं हें कोणत्याही पुस्तकाच्या साहाय्यावांचून एका रात्रींत ओळखलें, याचें आम्हांस आजही कौतुक वाटतें.

पुढच्या रविवारीं पंचांची बैठक झाली. आम्ही बाहेर पायरीवर बसलों होतों. दार लोटलेलें असलें तरी आवाज येत होता. बाबांनीं विचारलें, ‘आपणांपैकीं कोणीं तें ऐकलें आहे काय?’ कोणीं उत्तर दिलें नाहीं. ‘मीं ऐकलें. मला तें रुचलें नाहीं, हेंही सांगतों. परंतु आपणांस रुचत नाहीं एवढ्यासाठीं एका पोरास, तेंही घरापासून इतक्या दूर आलेल्या, नाताळच्या दिवशीं बाहेर उभें करणें मला जमणार नाहीं. तो नसेल तर पेटीही नसेल.’ अर्धा तास वादविवाद झाला. शेवटीं दादानें गावें असें ठरलें.

नाताळच्या सकाळीं तें गीत चार आवाजांत झालें. ते वयोवृद्ध गृहस्थ आले होते. शेवटच्या बांकावर बसले, आणि गीत संपतांच निघून गेले. बाबांचे ते बालपणापासूनचे स्नेही; परंतु पुढें दोन वर्षें ते बाबांशीं बोलले नाहींत. बाबांस त्याचें फार वाईट वाटे, तरी आपण केलें तें चुकलें असें ते कधींही म्हणाले नाहींत. दादा सन १९९३ मध्यें परीक्षा देऊन आपल्या गांवीं गेला. तें गीत आमच्या मंडळींत अद्यापि चार आवाजांतच गातात. तें कोणीं बसविलें हें सांगूं शकणारीं माणसें मात्र आतां थोडीं राहिलीं आहेत.

मोठेपणीं या विषयाचें जें थोडेंबहुत वाचन आम्हांकडून घडलें, त्यांत एक गोष्ट अशी आढळली कीं ती त्या बैठकींत कोणास ठाऊक असती तर वाद निराळ्याच वाटेनें गेला असता. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत सन १९१५ मध्यें जन्मलेल्या सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय बाई लहानपणापासून आईबरोबर उपासनामंदिरांत गात व गिटार वाजवीत असत. पुढें त्यांनीं तींच भक्तिगीतें विजेच्या गिटारीवर अशा आवेशानें वाजविलीं कीं रॉकच्या जन्मदात्यांत आज त्यांची गणना होते. सन १९४४ मधील त्यांचें एक ध्वनिमुद्रण या बाबतींत विशेष प्रसिद्ध आहे, आणि सन २०१८ मध्यें अमेरिकेंतील रॉक संगीताच्या सन्मानमंदिरांत त्यांचें नांव दाखल झालें. एल्विस प्रेस्ली यांस स्पर्धेंत मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांबद्दलचे होते. देवळाच्या दारांत ज्यास अडविण्याचें चाललें होतें, तें अशा रीतीनें देवळाच्या अंगणांतूनच बाहेर गेलेलें होतें.

आपल्या इकडेही त्या काळीं हें संगीत बहुतांशीं महाविद्यालयांच्या आश्रयानें वाढलें. पवईच्या आय. आय. टी. मधील ‘मूड इंडिगो’ हा उत्सव सन १९७१ पासून भरतो. मुंबईस ‘रॉक मशीन’ हा वृंद सन १९८४ मध्यें निघाला व १९९३ मध्यें त्यानें ‘इंडस क्रीड’ हें नांव घेतलें. धोबी तलावाजवळचें रंगभवन हें तर तेथील तरुणांचें आवडतें स्थान होतें. परंतु सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांभोंवतालचा शंभर मीटरांचा परिसर शांततेचा ठरविला, आणि रंगभवन त्या कक्षेंत आल्यामुळें तेथील मैफली बंद पडल्या. रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धकांस बंदी झाल्यावर सवाई गंधर्वांतील रात्रभराचें गाणेंही संपलें. रोग्यांस झोंप हवी, हें कोण अमान्य करील? पण एका कायद्यानें भीमसेनांचा मंडप आणि गिटारवाल्यांचें अंगण दोन्ही एकाच मापानें मोजलीं, याची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. पुण्यांत सन २०१० पासून ‘एन. एच. ७ वीकेंडर’ हा मोठा उत्सव सुरू झाला. तेथें तिकीट काढून हजारों तरुण जमले, व स्वतः रचलेलीं गाणीं म्हणणारांस त्यांनीं आनंदानें ऐकलें. दादाच्या वेळची हुर्यो आठवली म्हणजे हा पालट आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमच्या खिशांतील यंत्रांत जगांतील सारें संगीत आहे. तें तुम्हांस सिद्ध होऊनच मिळतें. त्यांत तार तुटत नाहीं, दिवे जात नाहींत, आणि तुटलेली तार नवी होईपर्यंत ठेका कोणीं धरून ठेवला हेंही दिसत नाहीं. म्हणून वर्षांतून एकदां तरी जेथें माणसें समोर बसून वाजवितात तेथें जावें; मग तें भजन असो, बँड असो, कीं रॉक असो. मात्र आमच्या आईचा कापूस विसरूं नये. ८५ डेसिबलांचा आवाज कान आठ तास सोसूं शकतो असें शास्त्रज्ञ मानतात. त्यापुढें दर तीन डेसिबलांस ती मर्यादा निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलांस ती अवघी पंधरा मिनिटें उरते. कानांत नळ्या घालून तासन् तास मोठ्यानें ऐकणारांस हाच हिशेब लागू आहे. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

गतवर्षीं नववीच्या कांहीं मुलांनीं स्नेहसंमेलनांत ड्रम व विजेची गिटार आणण्याची परवानगी मागितली, तेव्हां शिक्षकांच्या खोलींत बराच ऊहापोह झाला. ‘मुलांस भलता नाद लागेल,’ असेंही कोणी म्हणालें. आम्हीं एवढेंच सुचविलें कीं प्रथम आपण सर्वांनीं एक तालीम ऐकावी व मग मत द्यावें. सहा शिक्षक ऐकावयास आले. दोघांस तें आवडलें, चौघांस आवडलें नाहीं. परवानगी देण्यास मात्र कोणाचीच हरकत राहिली नाहीं. त्या मुलांचा ठेका अजून धांवतो, आणि गाणारा वरच्या सुरास पोंचत नाहीं. त्यास सराव हाच उपाय आहे. संगीताच्या खोलीची किल्ली आमच्यापाशीं असते. शनिवारीं दुपारीं दोन ते पांच या वेळांत ज्यांस इच्छा असेल त्यांनीं यावें.